ओठांवरून

पहिल्या दिवशी पेट्रींनी कोटसुद्धा काढला नाही.
म्हणाले, आधी तुमचं सांगा. तुम्ही कोण?
भिंतीवर दोन पदव्या आहेत, काचेत.
तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.
प्रश्न रास्त होता.
मी नेहमीचं उत्तर दिलं :
डॉक्टर मॉर्वेन गेडीज, एकवीस वर्षं या कामात,
आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं,
इथलं इथेच राहील.

खरं उत्तर याच रस्त्याच्या टोकाला आहे.
डंडीतली तागाची गिरणी. आता तिथे फ्लॅट झालेत,
धुराडं शोभेला ठेवलंय.
आई अठरा वर्षं तिथे मागापाशी उभी राहिली.
घरी यायची ती केसांत तागाचा भुसा घेऊन,
आणि खोलीत एकटी असली तरी ओरडून बोलायची.
गिरणीत कुणाला कुणाचं ऐकू येत नसे.
बायका ओठ वाचत, बोटांनी उत्तरं देत.
चाळीस पावलांवरून कळे
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा काल पिऊन आला.
मुकादमाला त्यातलं अक्षर कळत नसे.

बाबांना काम नव्हतं.
बायकांची मजुरी स्वस्त, म्हणून बायकांना काम.
घरी बसलेल्या पुरुषांना गावानं नाव ठेवलं होतं :
किटली उकळणारे.
आई दारात येई तेव्हा चहा कपात असे
आणि बाबा खिडकीकडे तोंड करून उभे.
बोलायचे. नाही असं नाही. पण काचेशी.
पाठीला ओठ नसतात.
तर मी मधे बसायचे, वय वर्षं सात,
बाबांची वाक्यं आईकडे तोंड करून पुन्हा म्हणायचे,
जिथे ती तुटत तिथे पदरचं घालायचे.
'बाबा म्हणतात, दमलीस का.'
बाबा तसं म्हणाले नव्हते.

विद्यापीठात या सगळ्याला नावं मिळाली.
परीक्षेत ती मी नीट लिहिली.
पदरचं घालणं सुटायला मात्र फार वर्षं गेली,
आणि सुटलं म्हणते तेही भीतभीतच.

पद्धत कोणती, असं विचारतात.
तागाच्या गोणीची शिवण उसवून बघा.
बरोबर टोक हाती लागलं तर एका ओढीत सुटते,
उलटं टोक ओढलं तर तीच गच्च आवळते.
कुठलं टोक ते गोणीलाच ठाऊक.
मी हात मांडीवर ठेवून बसते.

पेट्री बस चालवायचे, बावीस नंबरची.
पाच आठवडे त्यांनी मला थांबे सांगितले,
कुठल्या वळणावर बर्फ उशिरा वितळतो,
कुठल्या म्हातारीला पायरी खाली करून द्यावी लागे.
सहाव्या आठवड्यात म्हणाले,
'एकदा माझा मुलगा चढला. माझ्याच बसमध्ये.
नऊ वर्षांनी. सुटे पैसे मोजून दिले. आणि मी—'

'तुम्ही ओळख दाखवली नाही,' मी म्हणाले.

वय वर्षं सात.

दोन आठवडे त्यांची खुर्ची रिकामी राहिली.
फोन उचलला नाही. मी पत्र लिहिलं, फाडलं,
दुसरं लिहिलं, त्यात फक्त वार आणि वेळ.
तिसऱ्या मंगळवारी ते आले.
मी म्हटलं, मागच्या वेळी तुमचं वाक्य मी पुरं केलं.
ते तुमचं होतं.
बराच वेळ काही नाही. रेडिएटरची टकटक.
मग त्यांनी कोट काढला, घडी घातली,
मांडीवर ठेवला, पुन्हा उचलून खुंटीला अडकवला,
आणि खिडकीपाशी जाऊन
माझ्याकडे पाठ करून
बोलायला लागले.

मी खुर्ची हलवली नाही.
मला ऐकू येतं.

काय म्हणाले, ते इथलं इथेच.
एवढंच सांगते की माझा अंदाज चुकला होता.

जाताना दारात थांबले.
'तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे,' म्हणाले,
'बसवाल्याला कळतं.'