बारा ग्रॅम

वार्निशमधून काढलेली कॉइल
साठच्या बल्बखाली रात्रभर वाळत ठेवतो मी.
काल तो बल्ब दुसऱ्याच कामाला लागला.

ती तळाशी बसली होती.
दांडीवर नाही, घरट्यात नाही,
पिंजऱ्याच्या पत्र्यावर, राळ्याच्या फोलपटांत,
अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून.
शेपूट खाली-वर, खाली-वर,
श्वास जणू शेपटीनंच ओढायचा होता.
नर वर बसून त्याची पत्र्याची पिपाणी वाजवत होता.
त्याला काय.

तासगावात काल नऊ डिग्री.
द्राक्षवाले बागांतून धूर करायला गेलेले.
आणि माझ्या शटरखाली चार बोटं फट,
दिवाळीपासूनची.
बुजवतो, बुजवतो म्हणत राहिलेली.

साडेअकराला मुजावर डॉक्टरांना फोन लावला.
"आवटी, मी म्हशींचा डॉक्टर.
माझा हात खांद्यापर्यंत आत जातो,
तुझं पाखरू माझ्या अंगठ्याएवढं."
मग जरा गप्प. मग म्हणाले,
"अंडं अडलंय. दाबू नको.
दिसलं, हाताला लागलं, तरी दाबू नको.
आत फुटलं तर संपलं.
ऊब दे, वाफ दे,
कॅल्शियमचा एक थेंब चोचीच्या कडेला, घशात नको.
आणि उजाडेपर्यंत वाट बघत बसू नको.
तासाभरात मान टाकायला लागली तर
मिरजेच्या बाईंना उठव, माझं नाव सांग."

कॅल्शियमची बाटली घरात होती,
शैलजाच्या गुडघ्यांची.
बुटाचा खोका, एका कोपऱ्यावर बल्ब,
दुसरा कोपरा गार, तिला नको झालं तर सरकायला.
वाटीत कढत पाणी, वर ओला फडका.
मोटार किती तापली ते तळहाताला कळतं माझ्या.
तोच तळहात खोक्यात धरून बसलो.
बारा ग्रॅम.
एवढी तर तांब्याची तार मी झाडून टाकतो रोज.

बसल्या बसल्या हिशेब निघाला.
वेढे मोजण्यात माझी चूक होत नाही,
तीनशे वीस म्हणजे तीनशे वीस.
हिच्या खेपा मोजल्याच नव्हत्या.
होळीला चार पिल्लं, जूनमध्ये पाच,
गणपतीत पाच, दिवाळीला तीन,
सगळी सांगलीच्या दुकानात, चारशेला जोडी.
मी घरटं काढलंच नाही,
ती भरत राहिली.
राळ्यावर आणि नळाच्या पाण्यावर
प्रत्येक अंड्याचं कवच
ती स्वतःच्या हाडांतून काढत होती.

तीन चाळीसला शेपूट थांबली.
माझंही काहीतरी थांबलं.
फडक्यावर अंडं होतं.
अंडं म्हणायचं म्हणून. कवच नाही,
ओल्या पापुद्र्यात बांधलेला एक थेंब,
बल्बचा उजेड त्याच्या आरपार.

आतून शैलजा म्हणाली, "सुटली का?"
हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदाच विचारला गेला होता,
दवाखान्याच्या जिन्यात, तिच्या आईनं.
त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं.
या वेळी म्हणालो, "सुटली."

सकाळी घरटं काढलं. नराला वेगळं केलं.
तो चोचीत सुतळीचा धागा घेऊन
गजागजाला विचारतोय, इथं? इथं?
सहा महिने तरी नाही, बाबा.
स्टँडवरच्या बुर्जीवाल्याकडून टरफलं आणली,
तव्यावर भाजली, खलबत्त्यात कुटली.
मेथीची दोन पानं. आठचं कोवळं ऊन, तेही काचेतून नाही.
काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मागितलं
तर म्हातारा म्हणाला, "कान ठणकतोय का?"
म्हटलं, "पाखराला पाहिजे."
त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि
पांढरं, हलकं, खारट काहीतरी कागदात बांधून दिलं.
समुद्र इथून किती लांब.
ती त्यावर चोच घासतेय,
अजून दांडीवर चढत नाही.

शटरची फट पोत्यानं बुजवली.
आज रात्री आणखी एक येऊ शकतं, मुजावर म्हणाले,
मागचं अंडं पुढच्यासाठी थांबत नसतं.
म्हणून बल्ब अजून खोक्यावरच.
सावळजच्या देसायांची पाच हॉर्सपॉवरची मोटार
टेबलावर ओली पडलीय.
उद्या येतील, शिव्या घालतील.
घालू देत.