लोकहिताचा अर्धा तास

परवान्याच्या कागदात, पान चौदा, खालून तिसरी ओळ:
आठवड्यातून अर्धा तास लोकहिताचा.
कोणत्या वेळी, ते लिहिलेलं नाही.
म्हणून आम्ही तो ठेवला रविवारी पहाटे साडेपाचला,
जेव्हा जाहिरातीचा सेकंद कुणी फुकटही घेत नाही
आणि मांडवीतले कॅसिनो जांभया देत
एकेक दिवा मालवतात.

पाट्टोवरची इमारत, पाचवा मजला, लिफ्ट बंद.
वॉचमन कायतान डोळे न उघडता
रजिस्टर पुढे सरकवतो.
मी काच लावते,
आणि ज्या आवाजात संध्याकाळी
लग्नाच्या वाढदिवसांना गाणी वाटते
त्याच आवाजात वाचते:
कचऱ्याची गाडी बुधवारऐवजी गुरुवारी.
रेतीच्या उपशावर हरकती कळवायची मुदत.
मुरगावची भरती-ओहोटी.

बातमी म्हणायचं नाही, सरांनी बजावलंय.
बातमी आपल्याला चालत नाही. माहिती म्हण.
पूल खचला, ही बातमी.
पुलावरून जाऊ नये, ही माहिती.
दोहोंच्या मधे जो पडला
त्याच्यासाठी आपल्याकडे गाणं आहे.

वहीत चार रकाने: तारीख, विषय, मिनिटं, प्रतिसाद.
प्रतिसादात मी लिहिते निरंक.
सत्तेचाळीस रविवार, सत्तेचाळीस निरंक,
हात इतका सरावलाय की
शब्द आता एका फटक्यात उमटतो.
कधी आळसही केला, कबूल.
डेंग्यूवरची जुनी मुलाखत परत लावली,
डॉक्टर भर फेब्रुवारीत सांगत राहिले
या पावसाळ्यात काळजी घ्या.

आज पाच बावन्नला फोन वाजला.
संध्याकाळी ज्याच्यावर प्रेमाची रांग लागते, तोच.
"बाय, तुजी भरती चुकल्या."
नाव इनास फुर्तादो. चोडणच्या बांधावर
मानशीची राखण करतात.
मी वाचते ती भरती मुरगावची.
चोडणला पाणी चढतं त्यानंतर पाऊण तासानं,
नदीला वळणं घ्यायला वेळ लागतो ना.
पुतण्या नवा. घड्याळ बघत नाही, पाणी बघत नाही,
रेडिओ ऐकतो.
गेल्या रविवारी मी म्हटलं, भरती संपली,
त्यानं फळी उचलली,
आणि खारं पाणी शेतात.

मला बोलताच येईना.
"भिऊं नाका," ते म्हणाले, "कोरगूट आसा.
खारं सोसतं तें. दुसरं भात असतं तर
मी फोन नसता केला, मी आलो असतो."

मग म्हणाले, आणि तो फेब्रुवारीतला डॉक्टर,
तो आमी हसून सोडला.

आमी म्हणजे कोण?
बांधावर चौघे. फेरीच्या इंजिनावरचा.
आणि पाण्यापलीकडे पोंबुर्फाला एक बाई,
तिचा रेडिओ मोठा असतो,
वारा इकडचा असला की
तुमचा आवाज दोनदा येतो,
एकदा आमच्याकडून, एकदा तिच्याकडून.

सहाला सोन्याच्या दुकानाची जाहिरात
आपोआप सुरू झाली.
मी वही ओढली
आणि सवयीनं लिहून टाकलं निरंक.
मग खोडलं.
रकाना दोन बोटांचा,
त्यात मावेल असं: चोडणला पाऊण तास उशिरा.

सोमवारी सरांनी पान धरलं उजेडात.
तपासणीला खाडाखोड चालत नाही, म्हणाले,
बाजूला सही कर.
केली.

येत्या रविवारी दोन वेळा वाचायच्या,
मुरगावची वेगळी, चोडणची वेगळी.
पोंबुर्फाच्या बाईंचं नाव
विचारायचं राहिलं.