माया

धंतोलीच्या दवाखान्यात, बाहेर पंचेचाळीसचं ऊन,
डॉक्टर देवतळेंनी चिठ्ठीच्या पाठीवर जठर काढलं,
एका बाजूनं फुगलेलं, ओल्या पिशवीसारखं,
आणि त्यातून उभी रेघ ओढली.
"ही स्लीव्ह. एवढं ठेवायचं, एवढं काढून टाकायचं."
मी म्हटलं, स्लीव्ह म्हणजे बाही ना?
ते हसले. प्रांजल हसली नाही.

बत्तीस वर्षं बाह्याच लावतेय मी, नंदनवनात,
फुग्याच्या, मेगा, कोपरापर्यंतच्या.
मुंढ्यात अर्धा सूत चुकलं
तर बाईला हात वर करून केस बांधता येत नाहीत.
रेघ कशी ओढतात ते मला कळतं.
त्यांचा हात थरथरला नाही, एवढं पाहून घेतलं.

दुसरं चित्र बायपासचं.
वर अंड्याएवढी थैली, आतडं कापून वर आणलेलं,
मधला सगळा रस्ता वळवलेला.
"म्हणजे वर्धा रोड सोडून रिंग रोडनं," प्रांजल म्हणाली.
तिनं मोबाइलमध्ये तक्ता केलाय:
खर्च, दिवस, किलो, गोळ्या किती वर्षं.
फुग्याचाही रकाना होता, सहा महिने पोटात ठेवायचा फुगा.
तो मी वाचता वाचताच सोडला.
भाड्याचा शालू तो. लग्न झालं की परत.

कुंदाताई मोहाडीकरांनी बाहीच करून घेतली, दोन वर्षं झाली.
"मले विचारशील तं कर," त्या म्हणाल्या,
"पण केस गेले बाप्पा, मुठीमुठीनं.
अन् जेठाच्या तेरवीत पंगतीले बसली, तं दोन घासांत उठली.
लोकं म्हणे, हिलेच दुःख लई झालं."

"रात्री आंबट वर येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.
येतं. तीन उश्या लागतात. साखर तर आहेच.
"मग बाहीनं ते वाढू शकतं."
मी विचारलं, उसवता येतं का?
पेन थांबलं.
"बाही नाही. कापलेलं परत येत नाही.
बायपास… येतो बहुधा, पण अवघड. सहसा कोणी करत नाही."

कापलेलं परत येत नाही, हे मला सांगायला नको.
पण माझ्या मशीनखाली कतरणीचंही पोतं आहे,
गेल्या थंडीत त्यातून तीन दुपटी निघाली.
माझी कतरण कुठे जाते, ते विचारायचं राहिलं.

घरी येऊन कूलरमध्ये पाणी भरलं, दुकानाचं शटर अर्धं वर केलं
आणि मापांची वही काढली.
अख्ख्या गल्लीच्या कंबरा आहेत तिच्यात.
कोण बाळंतपणात सुटली, कोण आजारानं उतरली,
कोण सासरहून आली ती दोन इंच आत.
माझं पान नाही.
टेप साठ इंचांची. माझ्याशी ती मागे संपते,
पाठीवर कुठेतरी, जिथे हात पोचत नाही.
दुसरी टेप जोडून माप घेतलं. पेन्सिलीनं लिहिलं.

मग ब्लाउज उलटा करून पाहिला.
शिवताना प्रत्येकीला आत दीड इंच माया सोडते मी,
उद्या लागली तर असू दे म्हणून.
माझ्या ब्लाउजला ती उरलेलीच नव्हती.
दर दिवाळीला एक शिवण उसवत गेले.
आता काठाचे धागे निघालेत.

दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर विचारलं,
कोणतं ठरलं, काकू?
मी म्हटलं, उसवता येतं ते.
तसं नाव यादीत नाही म्हणाली.
बायपास, मी म्हटलं. आणि तारीख वीसनंतरची दे,
बोंद्र्यांच्या घरी लग्न आहे,
अकरा ब्लाउज अजून बेतायचेत.