विरजण

पहाटे चार पन्नासला माझ्या खिडकीखाली
हार्लन टिडवेलची ब्युइक खोकायची.
दोनदा कोरडं, तिसऱ्यांदा ओलं.
मग दोन मिनिटं जागच्या जागी धडधड,
आत तो हात चोळत बसलेला,
डोनटच्या दुकानात तेल तापवायला निघालेला.
मी झोपेतच एक शिवी हासडून खिडकी ओढून घ्यायची.
शिवी सांगलीची. रिव्हरसाइडमध्ये कुणाला लागणार?

दुपारी दोनला मात्र सताड उघडायची.
ऊन. रिकामा रस्ता. पेट्रोलचा वास औषधालाही नाही.
कुणाच्या तरी अंगणात संत्र्याला बहर आलेला.
समोरचे डोंगर दुधात बुडवल्यासारखे,
असतील बापडे, म्हणायची,
आणि छाती भरून श्वास घ्यायची.

टिडवेल मार्चमध्ये गेला.
बर्निसने गाडी विकली,
आणि हात बदलत बदलत ती आली
आमच्याच प्रयोगशाळेत, गाडी क्रमांक सतरा.
कागदावर मालकाचं नाव नसतं.
पण रात्रभर गार करून सकाळी किल्ली फिरवली,
दोनदा कोरडं, तिसऱ्यांदा ओलं,
आणि माझा हात आपसूक खिडकीकडे गेला.
प्रयोगशाळेला खिडकी नाही.

ओफेलिया चालवते. रोलरवर चाकं फिरतात,
गाडी अकरा मैल जाते आणि तसूभर हलत नाही.
सीट अजून त्याच्याच पायांच्या मापाची,
मागेपुढे करायचा खटका गंजलेला.
ती पाठीशी माझं स्वेटर घेऊन बसली.

पहिली शंभरेक सेकंदं. खरा मामला तेवढाच.
उत्प्रेरक गार असतो तोवर
अर्धं कच्चं इंधन तसंच बाहेर सुटतं,
टोल्युइन, झायलिन, आणि बारसं न झालेले कितीतरी.
मग तो तापतो, आणि गाडी सोवळं नेसते.

ते सगळं आम्ही खोलीएवढ्या पिशवीत भरलं.
काजळी जेमतेम. पिशवीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा.
मग विरजण लावलं: क्षाराचे चिमूटभर कण.
आणि उन्हाच्या नावाने निळसर दिवे.

वीस मिनिटं काही नाही.
दूध दूधच आहे असं वाटत राहतं.
मग धरू लागतं.
वायू उजेडात भाजतो, ऑक्सिजन अंगाला लावून घेतो,
जड होतो, उडायचं विसरतो,
टेकायला जागा शोधतो.
कणाकणावर साय.
मोजणीयंत्राचे आकडे चढत गेले,
आधी कॅलेंडरमधल्या तारखा गेल्या,
मग भिंत दुधात बुडाली.

हे डोंगर माझ्या ओळखीचे होते.

दहा वर्षं हेच शिकवते आहे मी, फळ्यावर, बाणांसकट.
अंगाला कळलं ते त्या दिवशी:
मी वासाला दार लावत होते
आणि विरजल्यावर उघडत होते.
एकट्या टिडवेलचं नव्हतं ते.
पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर येणारी अख्ख्या लॉस एंजेलिसची सकाळ होती त्यात.
आणि माझीही करडी गाडी, सात चाळीसची,
काचेवरचं दव वितळेपर्यंत उभी ठेवलेली.

गाळणीची चकती चिमट्याने उचलली.
डोळ्यांना कोरीच.
काट्यावर शेवटचा आकडा किती वेळ थरथरत राहिला.
तोलताना श्वास रोखायचा, असा नियमच आहे आमच्यात.

परवा बर्निस कुंपणापाशी भेटली.
गाडी कुठे असेल गं आता, म्हणाली.
चालते आहे अजून, म्हटलं. हे काही खोटं नव्हे.
पहाटे फार शांत असतं हल्ली, ती म्हणाली,
मी खिडकी लावतच नाही.
पहाटे नकोच लावू, म्हटलं. दुपारी लावत जा.

दुपारी? ती हसली.
दुपारी तर किती छान हवा असते.