सात नंबर

पडदा इतवारीच्या मंडपवाल्याकडून आणला.
त्याला अजून कुणाच्या तरी रिसेप्शनच्या
गुलाबपाण्याचा वास.
दारापासून खुर्चीपर्यंत सतरंजी,
चालणं ऐकू येऊ नये म्हणून.
चपलेवरूनही कळतो माणूस.
नावं नाहीत, नुसत्या चिठ्ठ्या.
कल्पना मोझेस सरांची. आम्ही हसलो होतो.

ऐकायला आम्ही तिघं.
धरमपेठ, धरमपेठ, रामदासपेठ.

सहा जण झाले. आवाज नको म्हणून कूलर बंद,
मे महिना, कॉलर भिजलेली.
सातवी क्लॅरिनेट सुरू झाली
आणि मी पेन्सिल खाली ठेवली.
असा श्वास
वरातीपुढे चार चार तास उलटं चालत,
घोड्याची लीद चुकवत
वाजवल्याशिवाय येत नाही,
हे मला नंतर कळलं.
"पुण्याचा असेल," वझलवार म्हणाले.
मी मान डोलावली.

पडदा सारला.
गड्डीगोदामची पोट्टी. बापाचा बँड,
बापाचंच वाद्य, एका चावीला रबरबँड.
आडनाव विचारायला वझलवारांनी तोंड उघडलं,
मिटलं.

कवडूजींचा बँड माझ्या बहिणीच्या लग्नात होता.
त्यांची पानं गेटाबाहेर मांडलेली.
वाढायला मी होतो.

"काहून चूप झाले सगळे?" ती म्हणाली,
"अजून वाजवू का?"

शनिवारी तालमीला ओबोवाला आला नाही.
सूर तिनं दिला.
चाळीस जण तिच्याकडे कान लावून.
मी खुंटी पिळली,
माझीच तार उतरलेली निघाली.

रबरबँड मात्र तोच आहे.
दुरुस्तीचा अर्ज समितीपुढे.
समितीत मी.