शेष

एकेचाळीस श्रावण मी पारावर पोथी वाचली.
पाचव्या अध्यायात पृथ्वी येते,
सपाट, कमळाच्या पानासारखी,
भोवती समुद्र उसाच्या रसाचा, दह्याचा, तुपाचा,
आणि खाली शेष, फण्यावर सगळं तोलून.
समुद्र मी पाहिला नव्हता.
तूप माहीत होतं,
म्हणून तिथे माझा आवाज चढायचा.

पर्बताबाई कोटनाके बसायची पाराखाली,
स्वतःच्या चपलांवर,
निंदणाहून आलेली, नखांत काळी माती.
एकदा म्हणाली,
"महाराज, थो शेष कायच्यावर टेकला हाये?"
लोक हसले.
मीही हसलो. म्हटलं,
"पोथीले इचारत नसते, बाई."
दुसऱ्या दिवशीही ती आली, ऐकून गेली.
बोंडअळीच्या साली वारली.
मी मयतीला गेलो नाही.
सप्ता चालू होता.

सत्तरी उलटल्यावर घाटंजीच्या बाजारात
रद्दीच्या गाड्यावर सहावीचा भूगोल मिळाला,
किलोच्या भावानं.
कुणा रोहिणी ढेंगळेनं त्यात सूर्याला मिशा काढल्या होत्या.
मी तो रात्री वाचायचो, बाराखडी शिकल्यासारखा,
बोट ठेवून.

पौषात तुराटीचे दोन तुकडे केले, सारख्या लांबीचे.
एक एसटीनं सिरोंच्याला धाडला, बहिणीकडे.
फोनवर ठरलं: दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मोजायची.
कौशी म्हणाली, "तुह्यापेक्षा दोन बोटं कमी भरते, दादा.
आता सांग, याचं करू काय?"
मी अंगणात एकटाच हसत सुटलो.
शेजारचा गुणवंत बघून गेला.

पण रात्री झोप येईना.
कंदील पेटवला, पोळपाटावर दोन काड्या उभ्या केल्या.
पोळपाट सपाट.
सावल्या तरी वेगळ्याच.
म्हणजे दिवा जवळ असला की सपाटावरही हेच होतं.
दोन बोटांनी काहीच सिद्ध झालं नव्हतं.
एवढा आनंद मला पोथीनं कधी दिला नव्हता,
चूक सापडल्याचा.

मग ग्रहण लागलं.
गाव दारं लावून, पाण्यात तुळस टाकून बसलेलं.
मी धुऱ्यावर, घोंगडी पांघरून.
चंद्रावर सरकणारी ती कड
गोल होती, विळ्याच्या पात्यासारखी गोल.
घरी येऊन कंदिलासमोर ताट धरलं:
सावली गोल.
ताट आडवं केलं:
सावली काडीएवढी.
मग फडताळातलं कवठ घेतलं
आणि फिरवत राहिलो, देठाकडून, बुडाकडून, कडेनं,
कसंही फिरवा,
ते गोलच पडत होतं भिंतीवर.

तरी एक ग्रहण पुरत नाही.
कोण जाणे, त्या रात्री ताटच सरळ धरलं असेल कुणी.
म्हणून कॅलेंडरवर पुढच्या दोन ग्रहणांना खूण केली आहे.
एक पहाटेचं आहे. तब्येतीनं साथ दिली तर.

यंदाच्या श्रावणात पाचवा अध्याय आला.
मी वाचला, सगळा, तुपासकट.
ज्यानं हे लिहिलं त्यानंही
रात्री वर बघूनच लिहिलं असेल,
त्याच्याकडे कंदील होता, कवठ सुचलं नसेल.
मग थांबलो.
म्हटलं, इथे पर्बताबाईनं एक प्रश्न विचारला होता.
तो म्हणून दाखवला, तिच्याच बोलीत.
कुणी हसलं नाही.
कुणी फारसं ऐकलंही नाही, प्रसादाची वेळ झाली होती.

एका पोरानं तेवढं हातातलं कवठ बघितलं.
"आजा, याले देठ हाये.
पृथ्वीचा देठ कुठी हाये?"

भागाकारात जे उरतं त्यालाही शेष म्हणतात,
हे मी त्याच भूगोलाबरोबर बांधून आलेल्या गणितात वाचलं.

"मालूम नाही," म्हटलं.
एकेचाळीस वर्षांत
पारावरून हा शब्द
मी पहिल्यांदा उच्चारत होतो.
"इथवर पोचलो आहे.
तू वर ये. चपला राहू दे.
इथे बस."