बत्तीस

दांडीच्या किनाऱ्यावर, कॉम्प्रेसरच्या शेडमागे,
मी सिलिंडरच्या गळ्यात हिरवा-पिवळा पट्टा चिकटवत होते
तेव्हा बुधाजीकाका म्हणाला,
"बैलाक झूल घातलंस म्हणान तो घोडो होवचो नाय."

हवा ती हवा, त्याचं म्हणणं.
"तिच्यात आणखी काय घालतलंस? मीठ?"

मी सांगितलं, नायट्रोजन कमी, प्राणवायू जास्त.
शंभरात एकवीसच्या जागी बत्तीस.
दिवसातून सहा वेळा पर्यटकांना हाताला धरून खाली नेणारा,
वर पुन्हा बाहेरच्या खडपाला पंचवीस-तीस मीटर जाणारा माणूस,
त्याच्या अंगात बुडबुडे कमी मुरतात.
"बत्तीस," तो म्हणाला,
आणि हसून दाखवले
उरलेले एकोणीस.

त्याचं चुकत होतं असंही नाही.
चौतीस मीटरच्या खाली हाच प्राणवायू उलटतो,
फेफरं आणतो, दातांतून माउथपीस सुटतो.
ते पान मी लपवलं नाही, मोठ्यानं वाचलं.
त्यानं तेवढंच पान धरलं
आणि फिरवलं मासळीच्या लिलावात, चहाच्या टपरीवर:
"जो गॅस खोलात गळो धरता
तो माका उथळात तरी कित्याक व्हयो?"

पोरं त्याच्याच बाजूची.
आग्नेलनं ऑक्सिजन मोजायचं यंत्र
दमट लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलं
आणि मग डबाच कुठे ठेवला ते विसरला.
मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचं नाव पडलं सासू.
हळू ये, थांब, तीन मिनिटं थांब,
पिं पिं पिं.

काका वर येताना काहीच बघत नाही.
आपल्याच बुडबुड्यांतला सगळ्यात बारीक निवडतो
आणि त्याच्या मागून येतो,
पालखीमागून चालावं तसा, पुढे न जाता.
असं वर येणं मला अजून जमलेलं नाही.

पण रात्री, उजवा खांदा.
वात, म्हणतो तो.
काकी उंडीचं तेल कोमट करते, चोळते.
बावीस वर्षं तेच तेल, तोच खांदा,
आणि वात येतो फक्त डाइव्हच्या दिवशी.
ती कधी काही बोलली नाही.
एकदा माझ्यासमोर बाटली उजेडात धरली नुसती,
महिन्याची बाटली, दहा तारखेला तळाशी.

होडीतलं पाणी उपसताना, मी विचारलं नसताना,
त्यानं बापाचं सांगितलं.
बाप दगड धरून बुडी मारायचा, एका दमात,
कालवं खरवडून वर.
यानं गोव्याहून जुना सिलिंडर आणला, पहिला,
तेव्हा बाप पडवीतून उठून गेला.
"उसनो श्वास. फेडतलंस कोणाक?"
त्या सिलिंडरनं काढलेली कालवं
त्यानं ताटात घेतली नाहीत.
"मगे?"
"मगे काय. गेलो तो."
आणि बराच वेळ नुसता डबा,
पाणी, डबा, पाणी.

मेच्या शेवटी हंगाम बंद झाला.
जॅकेटं गोड्या पाण्यातून काढून माडाला टांगली होती,
आग्नेल घरी गेला होता.
शेडमागे पुळणीवर तो बसलेला दिसला,
कोरडा, लुंगीत,
पट्ट्याचा सिलिंडर मांडीला टेकवून,
तोंडात रेग्युलेटर, डोळे मिटलेले.
एक श्वास. काढला तोंडातून.
"चव नाय," म्हणाला,
समुद्राला, बापाला, कोण जाणे.
मग परत घातला.

मी हौदाचा नळ मोठा सोडला,
उगाच एक बादली भरली, ओतली, भरली.

सकाळी काटा वीस बारनं खाली होता.
वहीत त्या सिलिंडरच्या रकान्यात
मी लिहिलं, गळती.